ब्लून्स टीडी ६ : एकेकटे जिंकणारे आम्ही तिघे मिळून का हरतो?

उंबरठा

नमस्कार. गेले चार महिने दर शनिवारी दुपारी चार वाजता, म्हणजे मेलबर्नच्या घड्याळात रात्री साडेआठला, मी नाशिकहून आणि माझा धाकटा भाऊ व त्याचा तेरा वर्षांचा मुलगा मेलबर्नहून, असे आम्ही तिघे ‘ब्लून्स टीडी ६’ एकत्र खेळतो. भाचा शाळेतल्या मित्रांकडून हा खेळ शिकला, त्याने तो आपल्या वडिलांना शिकवला आणि दोघांनी मिळून मला. आता आम्ही तिघेही एकेकटे ‘हार्ड’ पातळीच्या ८० फेऱ्या बहुतेक नकाशांवर पार करतो आणि भाच्याने तर सहा-सात नकाशांवर त्याहून कठीण, शंभराव्या फेरीपर्यंत चालणारे ‘इम्पॉपेबल’ही पूर्ण केले आहे. असे असूनही तिघे एकत्र बसलो की आम्ही हरतो, आणि तेसुद्धा अशा फेऱ्यांना हरतो ज्या एकट्याने खेळताना आम्हाला फारशा जड जात नाहीत. हे असे का होते, याचा मी बराच विचार केला आहे. तो इथे सविस्तर मांडते आणि अनुभवी मंडळींचे मत मागते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ठरलेल्या वाटेने फुगे येतात आणि वाटेच्या कडेला माकडे बसवून ते बाहेर पडण्याआधी फोडायचे असतात. प्रत्येक माकडाला सुधारणांचे तीन मार्ग असतात आणि प्रत्येक मार्गावर पाच पायऱ्या असतात. मात्र दुसऱ्या पायरीच्या पुढे एकाच मार्गाने जाता येते, सोबत आणखी एका मार्गाच्या दोन पायऱ्या घेता येतात आणि तिसरा मार्ग त्या माकडासाठी कायमचा बंद होतो. ऑकलंडच्या ‘निन्जा किवी’ने या मालिकेतला पहिला टॉवर डिफेन्स खेळ २००७ मध्ये ब्राउझरसाठी काढला. सहावा भाग जून २०१८ मध्ये मोबाइलवर आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संगणकावर आला. चार जणांपर्यंत मिळून खेळण्याची सोय, म्हणजे को-ऑप, त्यात २०१९ मध्ये आली.

को-ऑपमध्ये नकाशाची वाटणी होते. प्रत्येकाला आपली हद्द मिळते आणि माकडे आपल्याच हद्दीत बसवता येतात. फुगे फोडून मिळणारा पैसा सर्वांमध्ये सारखा वाटला जातो. दुसऱ्याच्या माकडाची सुधारणा आपण करू शकत नाही, त्याने आधी कोणावर मारा करावा हे ठरवू शकत नाही आणि त्याची विशेष शक्तीही वापरू शकत नाही. फार तर त्याला पैसे पाठवू शकतो किंवा त्याच्याकडे मागू शकतो. खेळात लिहून बोलण्याची सोय नाही, केवळ काही चित्रखुणा आहेत. म्हणून आम्ही खेळताना शेजारी दुसऱ्या फोनवर कॉल चालू ठेवतो.

आमची पहिली हार २४ व्या फेरीत झाली. त्या फेरीत पहिला कॅमो फुगा येतो, एकच हिरवा, आणि कॅमो दिसण्याची क्षमता नसलेल्या माकडाला तो दिसतच नाही. एकटी खेळत असते तर विसाव्या फेरीच्या आसपास मी एक निन्जा बसवलाच असता, कारण निन्जाला कॅमो उपजतच दिसतो. त्या दिवशी मला वाटले की भाऊ बसवेल, भावाला वाटले की भाचा बसवेल आणि भाच्याने गृहीत धरले की आत्याकडे निन्जा असतोच. तो फुगा तिन्ही हद्दींतून सावकाश गेला आणि आम्ही तिघे त्याच्याकडे पाहत राहिलो. एरवी एक फुगा गेल्याने खेळ संपायचे कारण नव्हते, पण इम्पॉपेबलमध्ये जीव एकच असतो.

यावर उपाय सोपा होता. कोणत्या फेरीला काय लागते आणि ते कोणी घ्यायचे हे आम्ही आधीच वाटून घेऊ लागलो : २४ ला कॅमो, २८ ला शिशाचे फुगे, ४० ला पहिला मोआब, म्हणजे पोटात फुगे भरलेले मोठे जहाज, ६३ ला शिसे आणि सिरॅमिक या टणक फुग्यांचे दाट लोंढे. त्यानंतर आम्ही ८० च्या पुढे नियमितपणे पोहोचू लागलो. खरी गोष्ट ९० व्या फेरीची आहे, आणि तिथे वाटून घेण्याची ही पद्धत पुरी पडली नाही.

९० व्या फेरीत पहिले डीडीटी येतात. डीडीटी हे वेगवान हवाई जहाज आहे. ते कॅमो असते, त्यात शिशाचा गुण असल्याने टोकदार शस्त्रे त्याच्यावर चालत नाहीत आणि काळ्या फुग्याचा गुण असल्याने स्फोटही चालत नाहीत. आमच्याकडे त्या वेळी काय होते ते पाहा. माझ्या निन्जांना ते दिसत होते, पण त्यांची शस्त्रे टोकदार. भावाच्या बॉम्ब शूटरजवळ त्याने ‘मंकी व्हिलेज’ बसवून रडार स्कॅनर घेतला होता, त्यामुळे बॉम्बवाल्यांनाही ते दिसत होते, पण स्फोटांचा उपयोग नव्हता. भाच्याच्या सुपर मंकीकडे प्लाझ्मा होता, जो शिसे फोडतो आणि काळ्यालाही फोडतो, पण त्याला कॅमो दिसत नव्हता; त्याने पहिल्या मार्गाच्या दोन आणि दुसऱ्याच्या तीन पायऱ्या घेतलेल्या असल्याने ‘अल्ट्राव्हिजन’चा तिसरा मार्ग बंद झालेला होता. डीडीटी फोडायला लागणारे सगळे नकाशावर हजर होते, पण तीन हद्दींत विखुरलेले होते आणि एकाही माकडापाशी पुरते नव्हते. भावाचे व्हिलेज बोटभर सरकून बसले असते तर त्याचा परीघ भाच्याच्या सुपर मंकीपर्यंत पोहोचला असता आणि आम्ही ती फेरी काढली असती.

एकटी असते तर व्हिलेज नकाशाच्या मध्यावरच बसवले असते, त्याला विचारही लागला नसता. मिळून खेळताना प्रत्येक जण आपल्या हद्दीपुरता चांगला खेळ उभा करतो आणि तो तिथेच थांबतो, असे माझे आत्ताचे मत झाले आहे. तुम्ही ही वाटणी कशी करता? आणि पैशाचे काय करता? कारण त्यावरूनही आमच्यात मतभेद आहेत.

गणितवेडी

उंबरठा, निरीक्षण फार चांगले आहे. पण हद्दीइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, कारण पैशात आहे असे मला वाटते, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

तीन खेळाडू आले म्हणजे बळ तिप्पट झाले असे मनात कुठेतरी वाटत असते, पण फुगे तेवढेच येतात आणि त्यांच्यातून निघणारा पैसाही तेवढाच असतो. एकट्याला जे मिळाले असते तेच आता तीन पाकिटांत पडते. त्यात या खेळाने फोडण्याचा मोबदला टप्प्याटप्प्याने घटवला आहे : ५० व्या फेरीपर्यंत पूर्ण, ५१ ते ६० निम्मा, ६१ ते ८५ पाचवा हिस्सा आणि ८६ ते १०० दहावा हिस्सा. म्हणजे ७० व्या फेरीत एक थर फुटला की एकट्या खेळाडूला एकाचा पाचवा हिस्सा मिळतो, पण तुमच्या तिघांपैकी प्रत्येकाला पंधरावा. आणि ज्या ९० व्या फेरीत तुम्ही हरलात तिथे प्रत्येकी तिसावा. त्या वेळी कोणाचे काहीतरी कमी पडते आहे हे लक्षात आले तरी एकट्याच्या बळावर ते विकत घेणे जवळपास अशक्य झालेले असते.

समोरच्या बाजूला काय चाललेले असते तेही पाहावे. ८० व्या फेरीपर्यंतचा हिशोब असा : एक सिरॅमिक पूर्ण, म्हणजे त्याच्या पोटातले सगळे फुगे धरून, संपवायला १०४ घाव लागतात. मोआबचे स्वतःचे २०० आणि पोटातले चार सिरॅमिक मिळून ६१६. त्याहून मोठ्या बीएफबी जहाजाचे ७०० आणि चार मोआब मिळून ३,१६४. ८० व्या फेरीत येणाऱ्या, त्याहूनही मोठ्या झोमजीचे ४,००० आणि चार बीएफबी मिळून १६,६५६. दर पायरीला काम पाचपटीच्या वर वाढते आणि मोबदला घटत जातो. (८० च्या पुढे पोटातल्या फुग्यांची संख्या कमी केलेली आहे, त्यामुळे हेच आकडे पुढे नेऊ नयेत.) असल्या वाढीला तीन मध्यम माकडे पुरत नाहीत, एक मोठे लागते. तिघांनी आपापल्या पाकिटातून एकेक तिसऱ्या पायरीचे माकड उभे करणे आणि तिघांचे पैसे एकत्र करून एकच पाचव्या पायरीचे माकड उभे करणे, यांतला फरक ८० नंतर उघडा पडतो.

म्हणून आमच्या चौघांच्या गटात एक जण सावकार असतो. तो सुरुवातीपासून केळीच्या बागा लावतो, कारण बागेचे उत्पन्न मोबदल्याच्या त्या घसरणीत सापडत नाही, आणि गरज असेल तिकडे पैसा पाठवतो. इतर तिघांनी तोवर त्याच्या हद्दीचेही रक्षण करायचे. केळी वेळेवर गोळा केली नाहीत तर नाहीशी होतात, म्हणून सावकाराने लढाईत लक्ष घालू नये, हाही नियम आहे. आणखी एक गोष्ट : तिघेही सुरुवातीलाच आपापला हिरो, म्हणजे प्रत्येकाला एकच घेता येणारे खास पात्र, घेत असाल तर तो खर्च त्याच एका उत्पन्नातून तीनदा होतो आहे. आम्ही आधी एकच हिरो घेतो.

कोकणकडा

पैशाचा मुद्दा मान्य. मी हद्दीबद्दल लिहितो, कारण मी या खेळात सर्वाधिक वेळ त्यावरच घालवला आहे.

आमच्याकडे गावी शेताच्या बांधावर जे झाड असते त्याची सावली दोन्हीकडे पडते. को-ऑपमध्ये मदत करणारी माकडे अशीच बांधावर बसवावीत. व्हिलेज हद्दीच्या मध्ये बसवले तर परिघाचा मोठा भाग आपल्याच आधीच सुसज्ज असलेल्या माकडांवर खर्च होतो. कडेला बसवले तर शेजाऱ्यालाही त्याचा लाभ मिळतो. त्याचा अर्थ शेजाऱ्यानेही आपले सर्वांत मोलाचे माकड बांधाजवळ आणायला हवे, म्हणजे सुपर मंकी कुठे बसणार हे व्हिलेज बसण्याआधी ठरायला हवे. माझा आग्रह असा आहे की पहिली फेरी सुरू करण्याआधी तिघांनी नकाशाकडे पाहून ‘मोठे माकड इथे’ असे एक ठिकाण नक्की करावे आणि पुढची प्रत्येक खरेदी त्या ठिकाणाच्या सोयीने करावी. उंबरठा, रडारच्या पुढची पायरी, ‘मंकी इंटेलिजन्स ब्यूरो’, घेतलीत तर परिघातली माकडे सर्व प्रकारचे फुगे फोडू शकतात. मग तुमच्या भावाचे बॉम्बसुद्धा डीडीटीवर चालले असते.

अल्केमिस्टबद्दल एक सावधगिरीची सूचना. त्याचे ‘बर्सर्कर ब्रू’ शेजारच्या माकडांचा मारा पुष्कळ वाढवते, पण तो ते जवळच्या माकडांना एकामागून एक देत जातो. आपण सुपर मंकीसाठी म्हणून अल्केमिस्ट बसवावा आणि शेजाऱ्याने बांधाला लागून चार स्वस्त डार्ट मंकी लावावेत, की ते पेय त्या चौघांमध्ये वाटले जाते. एकदा माझ्या सोबत्याने असे केले आणि आमचा मारा का घटला हे कळायला आम्हाला दहा फेऱ्या लागल्या. त्याचा दोष नव्हता, कारण त्याच्या हद्दीपुरती ती जागा उत्तमच होती.

ज्याच्या वाट्याला वाटेपासून दूरची किंवा अरुंद हद्द येते तो पुष्कळदा नाउमेद होतो. त्याने स्नायपर, मॉर्टर आणि हेलिकॉप्टर घ्यावे. स्नायपरला पल्ल्याची मर्यादा नाही, मॉर्टरला नकाशावर कुठेही नेम धरता येतो आणि हेलिकॉप्टरचा तळ आपल्या हद्दीत असला तरी ते उडत कुठेही जाते. वाईट हद्द ही या तीन माकडांसाठी वाईट नसतेच.

रानमेवा

मी हा खेळ कमी आणि ‘ऑर्क्स मस्ट डाय! २’ अधिक खेळलो आहे, त्यामुळे तुलनेसाठी लिहितो. टेक्ससमधल्या ‘रोबोट एंटरटेनमेंट’चा तो खेळ २०१२ चा आहे, पहिला भाग एकट्याने खेळायचा होता आणि दुसऱ्या भागाची मुख्य भर म्हणजे दोघांनी मिळून खेळणे. वॉर मेज आणि सॉर्सरेस ही दोन पात्रे स्वतः किल्ल्यात फिरतात, सापळे लावतात आणि सापळ्यांतून निसटलेल्या ऑर्कांशी हातघाईही करतात. तिथे मदतीला धावून जाता येते. सोबत्याचे दार फुटू लागले की आपण पळत जाऊन दोन-चार ऑर्क तरी मारू शकतो, त्यामुळे योजना चुकली तरी शरीराने ती सावरता येते.

ब्लून्समध्ये धावून जाणे नाही. फेरी सुरू असताना मदतीचे दोनच मार्ग उरतात, पैसे पाठवणे आणि विशेष शक्ती वापरणे. त्यातला दुसरा मार्ग नीट न वापरल्याने माझे अनेक सामने गेले आहेत. दोघांकडे ‘मोआब असॅसिन’ ही मोठ्या जहाजावर क्षेपणास्त्र सोडणारी शक्ती असेल आणि मोठे जहाज दिसताच दोघांनी एकाच क्षणी कळ दाबली तर एक क्षेपणास्त्र कामी येते आणि दुसरे बहुतांशी वाया जाते; मग त्याच्यामागून येणाऱ्या जहाजासाठी दोघांच्याही कळा पुन्हा दाबण्याजोग्या झालेल्या नसतात. आम्ही आता एकाला हाकाऱ्या नेमतो. तो नाव घेईल त्यानेच कळ दाबायची, इतरांनी नाही, समोर काहीही दिसत असले तरी नाही. हे पाळायला फार कठीण आहे, पण त्याने फरक पडतो.

उंबरठा

तिघांचेही मनापासून आभार. बांधाची कल्पना मी आजच फोनवर भावाला सांगितली आणि तो म्हणाला की हे आपल्याला सुचायला हवे होते, वडिलांनी शेत विकले तेव्हा मोजणीला आपण दोघे होतो.

सावकाराच्या कल्पनेबद्दल मात्र माझ्या मनात एक अडचण आहे आणि ती मी प्रामाणिकपणे मांडते. हा प्रयोग आम्ही करून पाहिला आहे. भाऊ सावकार झाला, मी आघाडी धरली आणि भाच्याने सुपर मंकी उभा केला. आम्ही ८७ पर्यंत गेलो. पण त्या दिवशी भाऊ जवळजवळ बोललाच नाही. तो दीड तास केळी गोळा करत होता. पुढच्या शनिवारी आम्ही ते काम भाच्याला दिले, तर त्याने वीस फेऱ्यांनंतर विचारले, “आत्या, मी खेळतोय की नुसता पैसे देतोय?” मला त्याला उत्तर देता आले नाही. आमचा हा आठवड्यातला एकमेव वेळ आहे जेव्हा आम्ही तिघे एका गोष्टीत सारखे गुंतलेले असतो. मला जिंकायचे आहे हे खरेच, पण तिघांपैकी एकाला बाहेर बसवून मिळालेला विजय मला नको आहे. गणितवेडी, तुमच्या गटात हा प्रश्न येत नाही का?

गणितवेडी

येतो, आणि मी तो टाळून लिहिले, हे माझे चुकले. आमच्या गटात सावकाराचे काम मीच नेहमी करते आणि मला ते आवडते, त्यामुळे ते इतरांना कंटाळवाणे वाटू शकते हे माझ्या मनात आले नाही. सावकारी पूर्ण सोडू नका, पण ती ५० व्या फेरीपर्यंतच ठेवा. तोवर मोबदला पूर्ण असतो आणि बागांचा पैसा पुढच्या मोठ्या खरेदीसाठी साठतो. ५० नंतर बागा विकायला हरकत नाही. इम्पॉपेबलमध्ये विक्रीला मनाई नाही, ती ‘चिम्प्स’ या आणखी कडक प्रकारात आहे. विकून आलेल्या पैशातून सावकार स्वतःचे मोठे माकड घेऊ शकतो. त्यात काही नुकसान होते, पण तुमच्या भाच्याच्या प्रश्नाला उत्तर मिळते.

तिसरी घंटा

मी माझ्या वडिलांबरोबर हा खेळ खेळतो. ते ६८ वर्षांचे आहेत, ठाण्यात असतात, मी पुण्यात. त्यामुळे उंबरठा यांचा प्रश्न मला जवळचा वाटला आणि मी गणितवेडी यांच्याशी थोडा असहमत आहे.

कोणाला कोणते काम द्यावे हे कामाच्या कंटाळ्यावरून ठरवू नये, निर्णय कोणाच्या हाती राहतो यावरून ठरवावे. माझ्या वडिलांना बोटांचा वेग नाही, शक्तींच्या कळा वेळेवर दाबता येत नाहीत, पण कोणत्या फेरीला काय येते हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी ते एका वहीत उतरवून काढले आहे. म्हणून आमच्याकडे सावकार तेच आहेत, पण पैसा कुठे जाईल हेही तेच ठरवतात. मी मागणी करतो आणि ते पुष्कळदा नाही म्हणतात. ७६ व्या फेरीत साठ सिरॅमिक एकमेकांना चिकटून येतात, पुन्हा वाढणारे, आणि त्याआधी दोन फेऱ्या मी मोआबसाठी पैसे मागत असताना त्यांनी ते रोखून धरले आणि सिरॅमिकसाठी टॅक शूटरला दिले. त्यांचे बरोबर होते. ज्या सावकाराला केवळ मागितले की द्यायचे असते तो कंटाळतो. ज्याला नाही म्हणता येते तो खेळाच्या मध्यभागी असतो.

उंबरठा, तुमच्या तिघांत सर्वाधिक फेऱ्या भाच्याने पाहिल्या आहेत. मग रानमेवा म्हणतात तो हाकाऱ्या त्यालाच करून पाहिलेत का? तेरा वर्षांच्या मुलाचे आत्याने आणि वडिलांनी ऐकायचे, हे सुरुवातीला थोडे अवघड जाईल. आमच्याकडेही मी वडिलांना पहिल्यांदा “थांबा” म्हणालो तेव्हा क्षणभर शांतता पसरली होती.

नवखा_४२

धागा वाचून मी आणि माझ्या बहिणीने आज सुरुवात केली. तिच्याकडे फोन आहे आणि माझ्याकडे संगणक. एकत्र खेळता येईल का, हे विचारायचे होते.

कोकणकडा

नवखा, येते. दोघांकडे खेळाची आवृत्ती एकच असावी लागते, एवढे पाहा. नवी सुधारणा आली की एकाचा खेळ अद्ययावत होतो आणि दुसऱ्याचा राहून जातो, आणि मग सामना सापडत नाही. एकाने सामना उघडून आलेला सांकेतिक शब्द दुसऱ्याला कळवायचा. आधी ‘ईझी’च्या ४० फेऱ्या खेळा. तिथे २०० जीव असतात, त्यामुळे चूक कुठे झाली ते पाहायला वेळ मिळतो.

उंबरठा

दोन शनिवारांचा वृत्तांत लिहिते.

पहिल्या शनिवारी भाचा हाकाऱ्या झाला. खेळ सुरू करण्याआधी आम्ही नकाशा पाहून मोठ्या माकडाची जागा ठरवली, भावाने त्याच्या हद्दीच्या अगदी कडेला व्हिलेज बसवले आणि इंटेलिजन्स ब्यूरोपर्यंत नेले. बागा ५० व्या फेरीपर्यंत मी सांभाळल्या आणि पैसा कुठे द्यायचा हे मीच ठरवले. भाच्याला दोनदा नाही म्हणाले. ६३ ला काही झाले नाही. ९० वी फेरी इतक्या सहज गेली की डीडीटी येऊन गेले हे मला नंतर कळले. ९८ व्या फेरीतल्या बीएफबी आणि झोमजींच्या रांगेत भाचा एकेक नाव घेत गेला, “बाबा, आता. आत्या, नाही, नाही, थांब. आता.” आणि आम्ही ते ऐकले.

हरलो ते शंभराव्या फेरीत. त्या फेरीतले बॅड हे जहाज प्रचंड घाव खाते आणि फुटले की त्यातून दोन झोमजी आणि तीन डीडीटी बाहेर पडतात. आमचा सगळा जोर मोठ्या माकडाच्या जागी, म्हणजे वाटेच्या पूर्वार्धात होता. बॅड तिथे फुटले नाही, माझ्या हद्दीत बाहेरच्या दारापाशी येऊन फुटले. त्यातले तीन डीडीटी व्हिलेजच्या परिघाच्या पलीकडे मोकळे झाले आणि पुढचे सगळे दोन-तीन सेकंदांत संपले. बांधावरची सावली शेवटच्या वळणापर्यंत पोहोचत नव्हती. कोणीच काही बोलले नाही. मग भाचा म्हणाला की बॅड आपल्याला फुटले हे तरी खरे.

दुसऱ्या शनिवारी आम्ही तोच नकाशा घेतला. या वेळी ८० व्या फेरीनंतर भाऊ आपणहून म्हणाला की त्याचे पाकीट आता माझ्याकडे येईल, कारण शेवटचे वळण माझ्या हद्दीत आहे. त्या पैशातून मी दाराजवळ तीन स्पाइक फॅक्टऱ्या लावल्या आणि प्रत्येकीला ‘व्हाइट हॉट स्पाइक्स’ घेतले. काट्यांना कॅमो अडत नाही आणि तापवलेले काटे शिसेही फोडतात. बॅड याही वेळी माझ्याच हद्दीत येऊन फुटले, थोडे आधी, पण तिथेच. झोमजींवर भाच्याने आणि भावाने पाळीपाळीने शक्ती वापरल्या. डीडीटींपैकी दोन पहिल्या ढिगाऱ्यावर गेले. तिसरे दुसऱ्या ढिगाऱ्यावरून पार झाले आणि शेवटच्या ढिगाऱ्यावर फुटले, त्याच्या पोटातले सिरॅमिक तिथेच काट्यांवर एकेक करून संपले. मी श्वास रोखून मोजत होते, किती काटे उरले ते.

मेलबर्नला तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झाले होते आणि वहिनी दारात येऊन उभी होती, कारण तिला वाटले कोणाला काहीतरी झाले.

तिसरी घंटा, तुमच्या वडिलांच्या वहीतली ९० ते १०० या फेऱ्यांची पाने इथे उतरवून देता येतील का? भाच्याला पुढच्या शनिवारी ‘डार्क कॅसल’ हा नकाशा घ्यायचा आहे आणि तिथे सावकार तो स्वतः होणार आहे.

तिसरी घंटा

अभिनंदन. वडिलांना तुमचा वृत्तांत वाचून दाखवला. ते म्हणाले, काट्यांचा पहिला ढीग वळणाच्या आधी हवा होता. पाने आज रात्री टंकून देतो.